दृष्टिकौशल्य : एका सामासिक शब्दाची आणि एका प्रशिक्षणपद्धतीची चिकित्सा

१

खेळाडूच्या डोळ्यांना व्यायाम दिल्यास त्याचा खेळ सुधारतो, हे मत गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य क्रीडाविश्वात चांगलेच रुजले आहे. लिऑन रेव्हियेन व मार्क गेबर यांचे 'स्पोर्ट्स व्हिजन' हे पुस्तक १९८१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. रेव्हियेन हे व्यवसायाने दृष्टितपासनीस होते. बुबुळांच्या हालचाली, जवळच्या व दूरच्या वस्तूंवर आळीपाळीने नजर स्थिर करणे, कडेच्या भागातील वस्तू टिपणे अशा अभ्यासांची मालिका या पद्धतीत खेळाडूसाठी आखलेली असते. पुढे याच कल्पनेने यंत्रांचे रूप घेतले. लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या फळ्या आल्या, क्षणोक्षणी मिटणाऱ्या काचांचे चष्मे आले, संगणकाच्या पडद्यावरील ठिपके आले. साधने पालटली, परंतु त्यांच्या मुळाशी असलेले अनुमान मात्र फारसे पालटले नाही.

ते अनुमान थोडक्यात असे : उत्तम खेळाडूंची दृष्टी उत्तम असते, दृष्टी अभ्यासाने सुधारते, म्हणून दृष्टीचा अभ्यास केल्याने खेळ सुधारतो. वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. परंतु अनुमान निर्दोष असावयाचे तर त्यातील मध्यपद सर्वत्र एकाच अर्थाने यावे लागते. येथे 'दृष्टी' हे पद तीन ठिकाणी तीन अर्थांनी आले आहे, आणि या पद्धतीचे बळ व तिचे वैगुण्य या दोहोंचे रहस्य त्या अर्थांतरात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. प्रश्न केवळ शब्दाचा नाही. कोणत्या मुलाला संघात घ्यावे, कोणाला वगळावे आणि शाळेने आपला तुटपुंजा निधी कशावर खर्च करावा, हे निर्णय या शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहू लागले आहेत.

२

इंग्रजीतून आलेल्या या संकल्पनेला मराठीत 'दृष्टिकौशल्य' असा प्रतिशब्द दिला, तर त्याचा विग्रह दोन प्रकारे करता येतो. 'दृष्टीचे कौशल्य' असा विग्रह केल्यास कौशल्य डोळ्याच्या ठायी आहे असे ठरते. मग ते मैदानापासून वेगळे काढून खोलीत वाढविता येईल आणि पुन्हा कोणत्याही मैदानावर नेता येईल. 'दृष्टीचा उपयोग करून घेण्याचे कौशल्य' असा विग्रह केल्यास ते खेळाडूच्या ठायी राहते. त्या खेळापासून, त्या प्रतिस्पर्ध्यापासून आणि त्या हालचालींच्या परिचयापासून ते सुटे करता येत नाही. समास एकच असल्यामुळे एका विग्रहाचा पुरावा देऊन दुसऱ्या विग्रहाचा दावा करणे सोपे जाते. प्रशिक्षणाच्या समर्थकांकडून बहुधा नकळत हेच घडते.

नामात लपलेला हा भेद मराठीची क्रियापदे उघड करतात. 'मला चेंडू दिसला', 'मी चेंडू पाहिला' आणि 'चेंडू कुठे पडणार हे मी ताडले' ही तीन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीत आहे. त्याने काही केलेले नाही, त्याच्या बाबतीत काही घडले आहे. म्हणूनच समोरच्या माणसाला 'चेंडू पाहा' अशी आज्ञा करता येते, परंतु त्याला चेंडू दिसावा अशी केवळ इच्छा व्यक्त करता येते. दुसऱ्या वाक्यात कर्ता आहे आणि कृती आहे. नजर कोठे व केव्हा न्यावयाची याची निवड आहे. तिसऱ्या वाक्यात तर कर्माच्या जागी वस्तूच नाही. तेथे एक उपवाक्य आहे, आणि त्यात सांगितलेली गोष्ट अद्याप घडलेलीही नाही. जे डोळ्यांपुढे नाही तेच ताडावयाचे असते.

भाषेने केलेला भेद मनोव्यापारातही असतोच असे समजणे ही भाषाभ्यासकाला सहज पडणारी भूल आहे. क्रियापदे वेगळी आहेत एवढ्यावरून मेंदूतील व्यापार वेगळे ठरत नाहीत. तेव्हा या त्रयीला येथे प्रमाण न मानता केवळ प्रश्नांची मांडणी मानावी, आणि प्रयोगांनी हाती आलेल्या पुराव्याला तीनही प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

३

प्रथम 'दिसणे'. हर्मान स्नेलेन याने १८६२ मध्ये तयार केलेला अक्षरांचा तक्ता आजही दृष्टीची तीक्ष्णता मोजण्यासाठी वापरात आहे. त्या तक्त्यावरील शेवटची ओळ वाचणारा खेळाडू अधिक चांगला खेळतो काय?

इतिहासातील दोन उदाहरणे विचार करावयास लावतात. कसोटी क्रिकेटमध्ये ९९.९४ धावांची सरासरी राखणाऱ्या डोनाल्ड ब्रॅडमन यांची दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात नेहमीची वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा त्यांची दृष्टी सदोष आढळली. मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमधील मोटार-अपघातात जवळजवळ गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. १९६२ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी ते भारताचे कर्णधार झाले आणि पुढे ४६ कसोटी सामन्यांत त्यांनी सहा शतके काढली. या उदाहरणांवरून डोळ्यांचे महत्त्व नाही असे म्हणणे हा उतावीळपणा ठरेल. दोन्ही डोळे शाबूत असते तर पतौडींनी काय केले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु तीक्ष्ण दृष्टी व उत्तम फलंदाजी यांत नियत साहचर्य, म्हणजे नैयायिकांची 'व्याप्ती', नाही एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

एकेकट्या उदाहरणांपेक्षा प्रयोग अधिक विश्वसनीय होत. डेव्हिड मॅन व त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फलंदाजांच्या डोळ्यांवर मुद्दाम धूसरता आणणारी भिंगे बसविली आणि यंत्राने टाकलेले चेंडू त्यांना खेळावयास लावले. एक व दोन डायॉप्टरच्या भिंगांनी फलंदाजीत लक्षणीय फरक पडला नाही. तीन डायॉप्टरच्या भिंगाने मात्र पडला. अर्थात 'दिसणे' ही एक किमान अट आहे. ती अट पुरी झाल्यावर दृष्टी आणखी तीक्ष्ण केल्याने त्या प्रमाणात खेळ सुधारतो, असे मानण्यास आधार राहत नाही. विहिरीत पोहण्यापुरते पाणी हवे हे खरे, पण पाणी जितके अधिक तितका पोहणारा कुशल, असे होत नाही.

रेव्हियेन यांच्या पद्धतीची थेट परीक्षा ब्रूस अ‍ॅबर्नेथी व जोआन वुड यांनी केली. त्यांचा निबंध २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस व्यक्तींचे चार गट पाडण्यात आले. दोन गटांना दोन निरनिराळ्या दृष्टिप्रशिक्षण-योजना दिल्या. तिसऱ्या गटाने टेनिसविषयी केवळ वाचन केले आणि चित्रफितींवर सामने पाहिले. चौथ्या गटाला केवळ प्रत्यक्ष फटक्यांचा सराव मिळाला, आणि हा सराव इतर तीन गटांनाही होता. चार आठवड्यांनंतर ज्यांनी डोळ्यांचे व्यायाम केले होते त्यांची ना दृष्टी ना टेनिस इतरांहून अधिक सुधारलेले आढळले.

या प्रयोगातील तिसरा गट विशेष विचार करण्याजोगा आहे. कोणतेही नवे प्रशिक्षण घेणाऱ्याच्या मनात आपण सुधारणार ही अपेक्षा असते. तपासणीची पद्धत दुसऱ्या खेपेस परिचयाची झालेली असते आणि मधल्या काळात सरावही घडलेला असतो. ज्या अभ्यासात असा तुलनेचा गट नसतो, त्यात या तिन्ही गोष्टींचे श्रेय डोळ्यांच्या व्यायामाला जाते.

४

दुसरा प्रश्न 'पाहण्या'चा. 'चेंडूवरून नजर हटू देऊ नकोस' हे वाक्य प्रत्येक खेळाडूने आपल्या गुरुजींकडून ऐकलेले असते. हे वाक्य खरे आहे काय?

मायकेल लँड व पीटर मॅकलिओड यांनी २००० साली तीन फलंदाजांच्या नेत्रहालचाली टिपून जे पाहिले ते या प्रश्नाच्या दृष्टीने मोलाचे आहे. चेंडू सुटताना फलंदाजाची नजर त्यावर असते. परंतु लगेच ती चेंडूला सोडून झेप घेते आणि चेंडू जेथे टप्पा घेणार त्या जागी आधीच जाऊन थांबते. टप्पा पडल्यावर ती पुन्हा काही काळ चेंडूचा माग घेते. तिघांपैकी सर्वांत निपुण फलंदाजाची झेप इतरांहून लवकर पडत होती. मॅन, स्प्रॅटफर्ड व अ‍ॅबर्नेथी यांनी २०१३ मध्ये जगातील दोन अग्रगण्य फलंदाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या फलंदाजांचे डोके चेंडूच्या दिशेशी घट्ट जोडल्यासारखे वळत होते, आणि चेंडू व बॅट जेथे भेटणार त्या जागेकडेही त्यांची नजर आधीच झेपावत होती. तेव्हा नजर चेंडूवर सतत ठेवणे निपुण फलंदाजही करीत नाही. तो चेंडूच्या पुढे जाऊन त्याची वाट पाहतो.

मग गुरुजींचे वाक्य खोटे म्हणावे काय? मीमांसकांचा एक जुना विवेक येथे उपयोगी पडतो. 'यजेत' या विधिवाक्याला खरे-खोटेपण नसते, ते कृतीस प्रवृत्त करण्यासाठी असते. 'चेंडूवर नजर ठेव' हेही विधिवाक्य आहे. त्याने मुलाचे मन प्रेक्षकांवरून, धावफलकावरून किंवा स्वतःच्या भीतीवरून चेंडूकडे वळते. तेवढे काम ते उत्तम करते. बिघाड तेव्हा होतो, जेव्हा या विधीला वस्तुस्थितीचे वर्णन समजून त्यावर शास्त्र उभारले जाते आणि चेंडूचा अखंड पाठलाग करता यावा म्हणून बुबुळांचे व्यायाम आखले जातात.

पाहण्याच्या शिक्षणाला मात्र बळकट आधार आहे. जोन व्हिकर्स यांनी १९९० नंतरच्या दशकात गोल्फ व बास्केटबॉल या खेळांत नजरेचा अभ्यास केला. हालचालीचा निर्णायक भाग सुरू होण्यापूर्वी लक्ष्यावर स्थिरावणाऱ्या शेवटच्या नजरेला त्यांनी 'शांत डोळा' या अर्थाचे नाव दिले. निपुण खेळाडूंत ही स्थिर नजर अधिक वेळ टिकते असे त्यांना आढळले. २००१ मध्ये हार्ल व व्हिकर्स यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाला असे शिक्षण दिल्यावर मुक्त फेकीच्या यशात दोन हंगामांत २२ टक्क्यांहून अधिक वाढ झाली. पक्ष्यावाचून दुसरे काही न दिसणाऱ्या अर्जुनाची गोष्ट ज्या वाचकांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना हा शोध ओळखीचा वाटेल.

परंतु साम्यापेक्षा भेद अधिक उद्बोधक आहे. द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेला पक्षी कृत्रिम होता, निश्चल होता. बास्केटबॉलचे कडेही हलत नाही. जेथे लक्ष्य स्थिर तेथे स्थिर नजर हितकारक. जेथे लक्ष्य धावते तेथे झेपावणारी नजर हितकारक. पाहण्याचा 'सर्वसाधारण' असा एक व्यायाम नाही, प्रत्येक खेळाचे पाहणे वेगळे आहे. शिवाय 'शांत डोळा' हे नाव कारणाचे आहे की कार्याचे, हेही निःसंदिग्ध नाही. नजर शांत असल्यामुळे नेम लागतो, की ज्याचे मन नेमाविषयी निःशंक झाले आहे त्याची नजर शांत होते? आकर्षक रूपक शास्त्रीय संज्ञा झाले की असे प्रश्न विचारावयाचे राहून जातात.

५

तिसरा व्यापार 'ताडण्या'चा. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचण्यास सुमारे अर्धा सेकंद लागतो. मॅकलिओड यांनी १९८७ मध्ये चटईखाली लाकडी पट्ट्या दडवून टप्प्यानंतर चेंडू अनपेक्षितपणे वळेल अशी योजना केली. तेव्हा आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फलंदाजांनाही आपला फटका बदलण्यास सुमारे एक पंचमांश सेकंद लागला. हा काळ सामान्य माणसाच्या प्रतिक्रियाकाळाहून वेगळा नाही. निपुण खेळाडूला वेळ अधिक मिळतो असे जे वाटते, ते त्याच्या डोळ्यांच्या किंवा नसांच्या वेगामुळे नव्हे. तो लवकर सुरुवात करतो म्हणून. चेंडू सुटण्यापूर्वीच गोलंदाजाच्या हाताच्या व मनगटाच्या हालचालीत त्याने पुढचे बरेचसे वाचलेले असते. अ‍ॅबर्नेथी व रसेल यांनी १९८७ मध्ये बॅडमिंटनच्या चित्रफिती निरनिराळ्या क्षणी तोडून, तसेच म्युलर, अ‍ॅबर्नेथी व फॅरो यांनी २००६ मध्ये क्रिकेटबाबत, हे दाखवून दिले आहे.

२००४ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रदर्शनीय सामन्यात सॉफ्टबॉलची गोलंदाज जेनी फिंच हिने अल्बर्ट पुहोल्स या बेसबॉलमधील श्रेष्ठ फलंदाजाला बाद केले. सॉफ्टबॉलचा चेंडू आकाराने मोठा. तो ४३ फुटांवरून येतो, बेसबॉलचा साडेसाठ फुटांवरून. परंतु वेग कमी असल्याने पोहोचण्याचा काळ जवळपास सारखाच. पुहोल्सचे डोळे त्या दिवशी बदलले नव्हते. बदलली होती ती गोलंदाजाच्या हाताची लिपी. काखेखालून येणारा तो हात त्याने कधी वाचलेलाच नव्हता.

'लिपी' हा शब्द येथे अलंकारापुरता नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद धडधाकट डोळ्यांच्या विद्यार्थ्यापुढे ठेवावा. त्याला प्रत्येक रेघ स्पष्ट दिसेल, परंतु शब्द एकही लागणार नाही. जाड भिंगांचा चष्मा लावणारा जाणकार तोच कागद झरझर वाचील. अक्षरे एकमेकांत गुंतलेली, शब्द न तोडलेले, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. तरीही मजकुराच्या ओघावरून पुढे काय येणार हे तो जाणतो आणि अर्धवट रेघेवरून शब्द ओळखतो. या विद्यार्थ्याला मोडी शिकविण्यासाठी कोणी बुबुळांचे व्यायाम सांगितले, तर आपण हसू. 'स्पोर्ट्स व्हिजन'ची सूचना याहून फार वेगळी नाही. स्नेलेनचा तक्ता अक्षरे ओळखण्याची परीक्षा घेतो, खेळाडूला मात्र वाक्य पुरे होण्यापूर्वी त्याचा अर्थ लावावयाचा असतो.

खो-खोतील हुलकावणी याचाच पुरावा होय. हूल म्हणजे खोटे चिन्ह. प्रतिस्पर्धी शरीराची हालचाल केवळ पाहत नसून तिचा अर्थ लावतो, म्हणूनच हूल देणे शक्य होते. जॅक्सन, वॉरन व अ‍ॅबर्नेथी यांनी २००६ मध्ये रग्बीत केलेल्या अभ्यासात नवखे खेळाडू अशा फसव्या हालचालींना अधिक बळी पडले, तर निपुण कमी. खरे चिन्ह आणि खोटे चिन्ह यांतील बारीक फरक ज्याला वाचता येतो तो निपुण. हे वाचन त्या त्या खेळाच्या सहवासानेच येते.

मराठीतील 'नजर बसणे' हा प्रयोगही येथे आठवावा. फलंदाजाची नजर बसली असे म्हणताना त्याचे डोळे तासाभरात सुधारले असे कोणालाच सुचवावयाचे नसते. त्या खेळपट्टीशी, त्या उजेडाशी, त्या गोलंदाजाशी त्याची ओळख झाली एवढाच त्याचा अर्थ. येथे नजर ही वस्तू नसून ओळख आहे, हे बोलीने फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे.

६

विरुद्ध बाजूच्या पुराव्याची दखल घेतल्याशिवाय चिकित्सा पुरी होत नाही. सिनसिनाटी विद्यापीठाच्या बेसबॉल संघाला २०११ च्या हंगामापूर्वी सहा आठवडे दृष्टिप्रशिक्षण देण्यात आले, आणि संघाची फलंदाजीची सरासरी आदल्या वर्षीच्या ०.२५१ वरून ०.२८५ वर गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अहवाल समर्थकांना मोठाच आधार वाटतो. परंतु एका संघाची त्याच संघाच्या आदल्या वर्षाशी केलेली तुलना म्हणजे प्रयोग नव्हे. वर्षभरात खेळाडू बदलतात, वाढतात, अधिक सराव करतात. संघातच प्रशिक्षण न घेतलेला समतुल्य गट नव्हता.

याउलट लिऊ, अ‍ॅपलबाम व त्यांचे सहकारी यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक काटेकोर आहे. त्यात योजना आधी जाहीर केली होती आणि खोट्या प्रशिक्षणाचा गटही ठेवला होता. सराव-फलंदाजीत चेंडू उडण्याचा कोन व त्याने कापलेले अंतर यांत प्रशिक्षित गट सरस ठरला. हा निष्कर्ष डावलता येणार नाही. तथापि तो सरावातील मापनांचा आहे. सराव आणि सामना यांतील अंतर किती, हे कोणत्याही खेळाडूला ठाऊक असते. या अभ्यासामुळे सर्वसाधारण दृष्टिप्रशिक्षण संपूर्णतः निरर्थक आहे असे म्हणण्याचे दार बंद होते, परंतु ते सिद्ध झाले आहे असे म्हणण्याचे दार अद्याप उघडत नाही.

७

एवंच, 'दृष्टिकौशल्य' या समासाचा पहिला विग्रह पुराव्याने दुबळा ठरतो आणि दुसरा सबळ. 'दिसण्या'त उणीव असेल तर ती भरून काढावी. त्यासाठी खर्चिक यंत्रे नकोत. नेत्रतपासणी आणि योग्य नंबरचा चष्मा पुरतो. फळ्यावरचे अक्षर पुसट दिसत असूनही ते कोणाला न सांगणारा मुलगा मैदानावर 'मंद' ठरतो. त्याच्यावरील हा अन्याय दूर करणे हे दृष्टिप्रशिक्षणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निश्चित काम आहे. 'पाहणे' शिकविता येते, परंतु त्या त्या खेळाच्या लक्ष्याला धरून. 'ताडणे'ही शिकविता येते, परंतु त्यासाठी समोर माणूस लागतो, त्याचा हात लागतो, निदान त्याची चित्रफीत तरी लागते. लुकलुकणारा दिवा कोणाला हूल देत नाही, म्हणून त्याच्याकडून हूल ओळखावयास शिकता येत नाही.

यापेक्षा गंभीर प्रश्न निवडीचा आहे. दिव्यांच्या फळीवर जलद बोट ठेवणाऱ्या मुलाला गुणी आणि मागे पडणाऱ्याला निर्गुणी ठरविणे म्हणजे मोजता येते तेच मोलाचे मानणे होय. अशा परीक्षेत १९६१ च्या डिसेंबरातील पतौडींचा क्रमांक कितवा लागला असता, हा प्रश्न निवडकर्त्यांनी स्वतःला विचारावा.

संशोधनाला येथे मोकळे क्षेत्र आहे. क्रिकेट, टेनिस व बेसबॉल यांतील नजरेचा अभ्यास बराच झाला आहे. कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या पायांत बचावपटू काय वाचतो, खो-खोत पाठलाग करणारा हूल आणि खरे वळण कोणत्या क्षणी वेगळे ओळखतो, या प्रश्नांची उत्तरे बाहेरून आयात केलेल्या यंत्रांत सापडणार नाहीत. ती शोधणाऱ्याला मापनाची साधने लागतील, तसेच खेळाडू आपसात जे शब्द वापरतात ते कान देऊन ऐकावेही लागतील. 'दिसले', 'पाहिले' आणि 'ताडले' यांतील कोणते क्रियापद खेळाडूच्या तोंडी कोणत्या क्षणी येते, येथून तो अभ्यास आरंभता येईल.